बाप्पामागचं शहर

आते आमच्याकडे राहते हे बाहेर कुणाला सांगायचं नाही, हा आमच्या घराचा नियम होता. बाकीचे नियम मोडले तर आई रागवायची. हा मोडला तर घर जाईल, असं बाबा म्हणायचे. शारजातली आमची बिल्डिंग फॅमिली बिल्डिंग होती. फ्लॅट ज्याच्या नावावर, त्याच्याच कुटुंबाने तिथे राहायचं, खोली परस्पर भाड्याने द्यायची नाही, असं करारात लिहिलेलं होतं. आणि आम्ही दिली होती. हॉलला लागून असलेल्या त्या खोलीत नेनिता राहायची. फिलिपिन्सची, दातांच्या दवाखान्यात असिस्टंट, वयाने आईपेक्षा थोडी लहान. त्यांच्याकडे थोरल्या बहिणीला आते म्हणतात, तसं मला म्हण, असं तिनेच सांगितलं. आईला ते बरंच झालं. शेजाऱ्यांच्या कानावर गेलं तरी आपल्याच कुणाबद्दल बोलणं चाललंय असं वाटायचं.

मी आज पुण्यात भाडेकरूंच्या प्रश्नांवर पत्रकं लिहिते, चौकात उभी राहून वाटते, पोलीस आले की नावगाव सांगते. पत्रकात एका बाजूला मालक असतो, एका बाजूला भाडेकरू, आणि मधे मोठ्या टायपात आपली मागणी. सोपं असतं. ह्या गोष्टीत मालक म्हणजे माझेच आई-बाबा होते, आणि ते स्वतःही भाडेकरूच होते. त्यामुळे हिचं पत्रक मला कधी जमलं नाही.

शाळेची बस दुपारी सोडायची. गळ्यात किल्ली. लिफ्टमधली बाई इंग्रजीत आणि अरबीत मजला सांगायची. दिवसभरात घरी माझ्याशी पहिल्यांदा बोलणारी तीच. आई दुबईत एका ट्रेडिंग कंपनीत अकाउंट्स बघायची, बाबा हमरिया फ्री झोनमधल्या एका कारखान्यात. दोघंही संध्याकाळच्या ट्रॅफिकमधून सुटून येईपर्यंत माझा अभ्यास, टीव्ही आणि भूक सगळं संपून गेलेलं असायचं. फॉइलमध्ये गुंडाळलेली भाजी-पोळी ओट्यावर असायची. एसी गुरगुरायचा, फ्रिज मधेच थरथरून गप्प व्हायचा, खालच्या मशिदीतली अजान काचेतून गाळून यायची. आमच्या खिडक्या उघडत नसत. वाळू आत येते म्हणून, मुलं खाली पडतात म्हणून, एसीचं बिल वाढतं म्हणून. खाली रस्त्यावर माणसं चालताना दिसत, आवाज कुणाचाच नाही. तसं एकटेपण मी नंतर कुठेच पाहिलं नाही. पुण्यात एकटं असलं तरी निदान रिक्षावाला भांडतो.

आतेचा दवाखाना सकाळी आणि संध्याकाळी उघडायचा, मधे दुपारी बंद. म्हणजे मी ज्या वेळात एकटी असायचे नेमक्या त्याच वेळात ती घरी. पहिले काही महिने ती स्वतःच्या खोलीत झोपायची आणि मी हॉलमध्ये. मग एके दिवशी तिने दार उघडं ठेवलं. बस, एवढंच. आमचं बोलणं इंग्रजीत व्हायचं, मी तेव्हा आईलाही इंग्रजीतच उत्तरं द्यायचे. इथे मराठीत लिहिते आहे.

तिच्या गावाचं नाव विगन. गाव कसलं, शहरच. स्पॅनिश लोक जहाजांतून आले आणि त्या बेटांवर त्यांनी जी पहिलीवहिली शहरं वसवली त्यांतलं एक. ते मला तिने आमच्या डायनिंग टेबलावर मांडून दाखवलं. "स्पॅनिश माणूस कुठेही उतरला की आधी काय करतो?" मी म्हटलं, लढाई. "ती नंतर. आधी चौक आखतो." आईचा मिसळणाचा डबा मधोमध आला. तो चौक. त्याच्या एका अंगाला तुपाची बरणी, म्हणजे चर्च. दुसऱ्या अंगाला चहाचा डबा, तिथे सरकार बसतं. मग चौकापासून सरळ निघणाऱ्या रस्त्यांना चमचे. "देव आणि सरकार समोरासमोर, आणि लोक मधल्या उन्हात," ती म्हणाली. तिला विनोद केल्यावर हसायची सवय नव्हती.

घरं मात्र स्पॅनिश नव्हती, हे ती पुन्हा पुन्हा सांगायची. स्पॅनिश लोकांनी स्वतःच्या देशासारखी दगडी घरं बांधायला सांगितली आणि भूकंपाने ती पाडून दाखवली. मग तिथल्या सुतारांनी आणि चिनी व्यापाऱ्यांनी मिळून मधला रस्ता काढला. खालचा मजला विटांचा, जाड, वर चुन्याचा गिलावा. तिथे घोडागाडी आणि माल ठेवायचा. वरचा मजला लाकडी आणि हलका, माणसांसाठी. जमीन हलली तर लाकूड तिच्याबरोबर हलतं. आणि वरच्या मजल्याला या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकत्या खिडक्या. काचेच्या नाहीत, शिंपल्यांच्या! चपटे, पातळ शिंपले चौकोनी कापून लाकडी जाळीत बसवायचे. ऊन आत येतं पण दुधासारखं होऊन. हे ऐकून आई म्हणाली होती, "अगं, गोव्याला जुन्या घरांना असतात तशा." त्यात खोटं काही नव्हतं, असतात. पण आईचं ते वाक्य पुढे आम्हाला फार महागात पडलं.

मला सगळ्यात आवडायच्या त्या मोठ्या खिडक्यांच्या खालच्या छोट्या खिडक्या. अगदी जमिनीला टेकलेल्या, कठडा असलेल्या. वरची खिडकी बंद केली तरी खालून वारा येतो. आते लहानपणी तिथे जमिनीवर बसून कठड्यातून दोन्ही पाय रस्त्यावर सोडायची. खालून जाणारा पाववाला तिच्या तळव्यांना गुदगुल्या करायचा. मी आमच्या बंद काचेजवळ जमिनीवर बसून पाहिलं. पाय सोडायला जागा नव्हती.

आमच्याकडे गणपती पाच दिवस. शारजा-दुबईतली मराठी माणसं गणपतीत जी काही हौस करायची ती देखाव्यावर. कुणी केदारनाथ करायचं, कुणी रायगड, कुणी चांद्रयान. मंडळ घरगुती देखाव्यांची स्पर्धा ठेवायचं आणि परीक्षक घरोघर फिरायचे. त्या वर्षी मी आठवीत होते. मी म्हटलं, आपण विगन करू. बाबांना वाटलं मी व्हीगन म्हणतेय. "मग काय, बाप्पाला बदामाच्या दुधाचे मोदक?" आते हसली. आईने विचारलं, "चर्चबिर्च आहे का त्यात?" मी म्हटलं, शहर आहे, त्यात सगळं असतं. आईने बाबांकडे पाहिलं, बाबांनी मोबाइलकडे. होकार आमच्या घरात असाच मिळायचा.

टीव्हीच्या खोक्यातलं थर्माकोल, करक चहाबरोबर मिळणाऱ्या लाकडी काड्या, पार्किंगमधल्या कुंड्यांतली खडी रस्त्यावरच्या दगडांसाठी. शिंपल्यांना काय वापरायचं ह्यावर दोन दुपारी गेल्या. मग आतेने लबानची, म्हणजे इकडच्या ताकाची, रिकामी बाटली उजेडात धरली. पांढरं, धुरकट प्लास्टिक. आम्ही त्याचे नखाएवढे चौकोन कापले, काड्यांच्या जाळीत चिकटवले आणि मागे दिवा धरला. आते म्हणाली, "आमच्या घरी दुपारी चार वाजता असाच उजेड असतो." भिंतींना मी गुळगुळीत पांढरा रंग दिला तर तिने चमच्याच्या टोकाने तो जागोजागी खरवडून खालच्या विटा रंगवल्या. बाबा संध्याकाळी येऊन बघत उभे राहिले. त्यांच्या कारखान्यात खलिफा सिटीतल्या बंगल्यांसाठी 'स्पॅनिश' कमानी तयार व्हायच्या, साच्यातून, मागून पोकळ. "नवीन करताय तर फुटकं कशाला करता गं?" ते म्हणाले. आते म्हणाली, "सर, फुटलेलं दिसलं नाही तर जुनं आहे हे कळणार कसं?" बाबा म्हणाले, "आमचा क्लायंट पैसे कापेल." पण ते मग गणपतीआधीच्या शुक्रवारी, सुट्टीच्या सकाळी, स्वतःच वायरिंगला बसले, प्रत्येक घरात एकेक दिवा. त्यांचे हात मला त्या दिवशी फार चांगले वाटले होते. हे लिहायलाच हवं.

चर्चचा घंटेचा मनोरा तिने एकटीने केला. मनोरा चर्चला चिकटलेला नव्हता, थोडा लांब, एकटाच उभा. मी म्हटलं, तुझं मोजमाप चुकलं. "नाही. तिथे तसाच आहे. भूकंपात मनोरा पडला तर आत प्रार्थनेला बसलेल्यांवर पडू नये म्हणून लांब बांधतात." बाप्पा चौकात बसले, पाठीमागे रस्ता, दोन्हीकडे उजेडाची घरं, आणि बाजूला तो मनोरा. गणपतीत तिने तिचे मांसाचे डबे फ्रिजमध्ये ठेवणं आपणहून बंद केलं. कच्ची पपई आणि मोड आलेले मूग भरून, तांदळाच्या केशरी पारीत दुमडून तिने तिच्या गावचा पदार्थ तळला. आई म्हणाली, "करंजीच की ही, तिखट करंजी!" आणि नैवेद्याच्या ताटात एक ठेवली. वर म्हणाली, "नेनिता, शुक्रवारच्या आरतीला तूही थांब. घरचेच असू." आतेने त्यासाठी फिकट पिवळा कुर्ता आणला. आरती चालू असताना दिवे लावलेल्या विगनचा व्हिडिओ काढून ती तिच्या आईला पाठवणार होती.

शुक्रवारी आरतीच्या थोडं आधी फोन वाजला. आठव्या मजल्यावरचे सबनीस काका-काकू. काका त्या वर्षी परीक्षक होते. "आत्ताच येतो, पुढे अजमानला जायचंय." आईने फोन ठेवला आणि माझ्याकडे न बघता आतेला म्हणाली, "नेनिता, फक्त दहा मिनिटं. प्लीज." आते आत गेली, दार लागलं. तिच्या चपला बाबांनी चपलांच्या कपाटात खाली सरकवल्या. ह्या सगळ्याला आमच्या घरात इतका सराव होता की कुणाला काही वाटलंच नाही.

"वा, वा, वा!" काका दारातूनच म्हणाले. "काय काम आहे हो! हे कुठलं म्हणायचं?"

आई बाबांकडे बघत होती. खरं सांगायचं तर पुढचा प्रश्न येणार: फिलिपिन्सचं कसं काय सुचलं? त्याचं उत्तर तर दाराआड बसलं होतं. बाबा म्हणाले, "गोवा."

"ओळखलं मी! पणजीची जुनी घरं. त्या शिंपल्यांच्या खिडक्या! अगं, आठवतं का, आपण हनिमूनला—"

"अहो, प्रसाद घ्या आधी," काकू म्हणाल्या.

"फक्त हा मनोरा, देशमुख. चर्चचा ना? बाप्पापेक्षा उंच झालाय. मला काही नाही हो, मी मॉडर्न आहे. पण कमिटीत एखादा बोलतो आणि मार्क जातात."

"अहो त्यात काय," असं म्हणून बाबांनी मनोरा उचलला. तो वेगळाच उभा होता, त्यामुळे काही न मोडता अलगद निघाला. त्यांनी तो सोफ्यामागे ठेवला.

"इट्स नॉट गोवा!" मी ओरडले. "इट्स विगन!" आणि कुणी काही म्हणायच्या आत जाऊन मी त्या खोलीचं दार उघडलं. आते पलंगाच्या कडेवर पिवळा कुर्ता घालून बसली होती, मोबाइल हातात, व्हिडिओसाठी तयार. मी म्हटलं, "ये बाहेर. हे लोक तुझं शहर चुकीचं सांगतायत."

ती उठली आणि बाहेर आली. हॉलमध्ये आईचा चेहरा मी पाहिला. तो रागाचा नव्हता, भीतीचा होता. आतेनेही पाहिला. मग ती सबनीसांकडे वळून किंचित वाकली. "गुड ईव्हनिंग सर, गुड ईव्हनिंग मॅडम. मी क्लीनिंगला येते. बेडशीट बदलत होते." तिने टीपॉयवरच्या रिकाम्या बशा गोळा केल्या आणि स्वयंपाकघरात गेली.

"बाई ठेवलीस? बोलली नाहीस गं!" काकू आईला म्हणाल्या. "तासाला किती?"

"तीस," आई म्हणाली.

"तीस दिरम! म्हणजे पाचशे रुपये झाले की! पण नीटनेटकी दिसते हो, कुर्ताबिर्ता घालून. मलाही पाठव, माझी श्रीलंकेला गेलीय."

मग आरती झाली. काकांचा आवाज मोठा होता. बाबांनी माझ्या हातात झांजा दिल्या, मी त्या वाजवल्या नाहीत. आरतीच्या खालून सबंध वेळ नळाचं पाणी ऐकू येत होतं. बशा तर चारच होत्या.

ते गेल्यावर आई आत जाऊन म्हणाली, "थँक यू, नेनिता. यू सेव्ड अस." आते म्हणाली, "इट्स ओके, मॅम." एरवी ती आईला नावाने हाक मारायची. मी तिच्या खोलीत जाऊन भांडले. तू का खोटं बोललीस? ती ओल्या बाह्या पिळत होती. म्हणाली, "खरं बोलून रस्त्यावर कोण आलं असतं? तू?" पण मी दार उघडलं ते बरोबरच होतं असं मला तेव्हाही वाटत होतं आणि आजही वाटतं. माणूस स्वतःच्या खोलीत राहतो, त्याचं भाडं वेळेवर देतो, आणि घंटी वाजली की त्याने नाहीसं व्हायचं? आणि ते करायला लावणारे आम्ही, ज्यांना मालकाचा साधा वॉचमन आला तरी घाम फुटायचा! चूक दार उघडण्यात नव्हती. व्हिडिओ मात्र तिने काढला नाही. 'गोव्याच्या देखाव्याला' दुसरं बक्षीस मिळालं. घ्यायला बाबा एकटे गेले.

पण खोटं एकदा कामाला लावलं की त्याला सुट्टी देता येत नाही. सबनीस काकूंचे फोन सुरू झाले. तुझी ती बाई पाठव, निदान बाथरूमपुरती. आई म्हणायची, तिला वेळ नाही, तिने काम सोडलं, ती गावी गेली. आणि गावी गेलेली बाई काकूंना लिफ्टमध्ये भेटली, सकाळी, दवाखान्याच्या निळ्या युनिफॉर्ममध्ये, गळ्यात ओळखपत्र. काकू नुसत्या हसल्या म्हणे. त्या हसण्यालाच आई घाबरली. "त्यांनी वॉचमनला सांगितलं तर? मालकाने नोटीस दिली तर? हिची शाळा?" ही म्हणजे मी. बाबा म्हणाले, "महिनाअखेरीला खोली रिकामी करून घेऊ." आईने आतेला सांगितलं तेव्हा मी तिथे होते. मी म्हटलं, मी हॉलमध्ये झोपते, तिला माझी बहीण म्हणून सांगा, काहीही सांगा. आते म्हणाली, "नको. मला आता कुणाचं काही व्हायचं नाही. दुबईत सतवा भागात माझ्या गावच्या मुलींनी एक बेड दिलाय. सहा जणी आहोत. तिथे पाहुणे आले तरी आमचेच."

ती गेली त्या दुपारी आई-बाबा ऑफिसात होते. तिची बॅग मी खाली आणली. टॅक्सी उभी होती. तिने माझं डोकं आपल्या खांद्याशी धरलं आणि पटकन सोडलं, म्हणाली, "उन्हात उभी राहू नकोस." बस. मी वळले तर लॉबीत सबनीस काकू, हातात भाजीची पिशवी.

"गेली का गं ती?"

आता गमवायला काही नव्हतं. मी मराठीत म्हटलं, प्रत्येक शब्द नीट उच्चारून, "ती बाई नव्हती. ती आमच्याकडे राहायची. दोन वर्षं. आणि ते गोवा नव्हतं, ते तिचं गाव होतं."

काकूंनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "अगं, ते काय मला कळत नव्हतं? पहिल्या दिवसापासून माहीत होतं. कामाची बाई कधी नवा कुर्ता घालून फरशी पुसते का?" आणि मग आवाज खाली आणून, "आमच्याकडे पण आहे ना एक मल्याळी मुलगा. आतल्या खोलीत. तुमच्या शेजारच्या रेड्डींकडे दोघी नर्सेस. सगळ्यांकडे असतं कुणीतरी, बाळा. बोलायचं नसतं."

म्हणजे त्या शुक्रवारी, आम्ही आरती करत होतो तेव्हा, आठव्या मजल्यावर काकूंच्या आतल्या खोलीतही एक दार लागलेलं होतं. मजल्यामजल्यावर लागलेलं होतं. आणि एकमेकांच्या घरी जाऊन सगळे एकमेकांच्या भिंतींचं कौतुक करत होते. काकूंनी मला एक केळं दिलं. ते घेऊन मी वर आले.

आई-बाबा आले तेव्हा मी आतेच्या रिकाम्या खोलीत होते. दार मी आतून लावून घेतलं होतं. पलंगाच्या कडेवर बसून मी पहिल्यांदाच ऐकलं, की तिथून आमचं घर कसं ऐकू येतं. सगळं ऐकू येतं. कुकरची शिट्टी व्हायच्या आधीचा फुसफुसाट येतो, आईने कढीपत्त्याची काडी मोडली तेही येतं. आईने मला हाक मारली, मग पुन्हा मारली. मग बाबांचा फोन वाजला. वॉचमन असावा, किंवा मालकाचा माणूस. बाबांचं हिंदी फार गोड झालं होतं.

"नहीं नहीं, भाईसाब," ते म्हणत होते. "कभी भी आके देख लो. हम तीन ही लोग हैं. पहले से तीन ही."

मी दार उघडलं नाही.